या उन्हाळ्यात हातानं काय केलंत? (अनुभव धागा)

पुणे (धागा काढणारी)

गहू भिजत घातलेत. 2 किलो. आज दुसरा दिवस. स्वयंपाकघरात आंबूस वास भरलाय आणि घरातले येता-जाता नाक मुरडून विचारतायत, ‘अजून किती दिवस?’ वयाच्या 41व्या वर्षी पहिल्यांदा कुरडया करतेय. आईला फोन केला तर सगळ्याचं प्रमाण एकच: ‘अंदाजानं.’

म्हटलं, गहू भिजतायत तोवर तुम्हाला बोलतं करावं. वाळवण, बाग, शिवणटिपण, रानातली भटकंती, काहीही चालेल. फसलेलं असेल तर ते आधी सांगा. अट एकच: ‘आमच्या लहानपणी आजोळी...’ अशी सुरुवात नको. आजोळ सगळ्यांनाच होतं. यंदाचं बोला.

जळगाव

ताई, पाणी रोज बदला, नाहीतर कुरडया लालसर होतील आणि वासही जायचा नाही. गव्हाचा दाणा चिमटीत दाबून बघा, पांढरं दूध फचकन बाहेर आलं की वाटायला घ्या. वाटल्यावर उरलेला चोथा फेकू नका. तीळ, तिखट, मीठ घालून भुसवड्या होतात.

आमच्याकडे कुरडया होतातच, पण खरी धामधूम बिबड्यांची. पहाटे 4 ला चूल पेटते. ज्वारी कांडून, भिजवून, वाळवून, दळून ठेवलेली असते. ते पीठ मोठ्या पातेल्यात शिजतं, त्यात तीळ, जिरं, लसूण, लाल तिखट. पीठ आळायला लागलं की दांडा एका बाईला आवरत नाही, दोघी लागतात. मग ओल्या फडक्यावर गोळा ठेवायचा, हात पाण्यात बुडवून थापायचा, आणि फडकं उचलून खाटेवर उलटं. फडकं सोलून काढताना कड फाटली तर सासूबाई काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. यंदा माझ्या 11 फाटल्या. मोजल्या मी नाही, त्यांनी.

दुपारपर्यंत बिबडं वरून सुकतं, आतून ओलसर राहतं. त्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि सोबत कांदा. या वेळेला शेजारचे बरोबर येतात. पहाटे 4 ला कोणी फिरकत नाही.

सातारा

मी पुरुष, वय 63, नोकरीतून मोकळा. यंदा गोधडी शिवायला घेतली. ट्रंकेत आईची 4 लुगडी होती, घड्यांवर विरायला लागली होती. ठेवून तरी काय करायचं?

लुगडी धुतली, वाळवली, फरशीवर अंथरली. वर-खाली लुगडी, पोटात जुनं धोतर आणि दोन विरलेल्या चादरी. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खल आणि दोन कुंड्या ठेवल्या. कडेनं सुरुवात करून चौकोनात आत आत जायचं, इतकं ठाऊक होतं. गल्लीतल्या मावशी दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, पोतं शिवताय का?” टाका गव्हाच्या दाण्याएवढा हवा, माझा शेंगेएवढा होता. पहिला दिवस उसवण्यात गेला.

आठवड्यानं धावदोरा जमला. अंगुस्तान्याशिवाय शिवायचा हट्ट सोडला, कारण बोटाला सुईनं चाळण केली होती. पण खरी चूक पुढं कळली. मधोमध पोचलो तर कापडाची टेकडी झालेली! थर आधी मोठ्या टाक्यांनी एकमेकांना धरून ठेवायचे असतात, ते मी केलंच नव्हतं. सगळं कापड सरकत सरकत मध्ये गोळा झालं. मावशी म्हणाल्या, उसवू नका, चुणी घालून दाबून टाका. दाबली. आता पांघरलं की ती चुणी बरोबर पोटावर येते. बायको म्हणते, विकत आणली असती तर अशी मिळाली नसती. हे कौतुक आहे की काय, अजून उलगडलं नाही.

चंद्रपूर

उन्हाळ्याची मजा वाचून बरं वाटलं, पण आमच्याकडं 45 आहे बापा! इथं जे काय करायचं ते सकाळी 8 च्या आत. नंतर दारं-खिडक्या लावायच्या, कूलरच्या ताट्यांवर पाणी मारायचं आणि गप पडायचं. 25 मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तेव्हा तर कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.

तरी सरगुंडे केले. कणीक घट्ट मळायची, त्याची बारीक वळी काडीवर गुंडाळत जायची आणि अलगद काढून घ्यायची, की स्प्रिंगसारखी नळी होते. वाळवून ठेवले की कधीही उकडून आंब्याच्या रसात. आईचे सगळे एका मापाचे. माझे काही सरगुंडे, काही नुसतेच गुंडे.

डोंबिवली

गॅलरीतल्या मोगऱ्याला गेल्या वर्षी मोजून 6 फुलं आली होती. यंदा फेब्रुवारीत जीव कठीण करून छाटला, सगळी पानं ओरबाडली, चार-पाच दिवस पाणी तोडलं, मग दोन मुठी शेणखत. बायको म्हणाली, मारलात. एप्रिलमध्ये जी नवी फूट आली तिच्या प्रत्येक शेंड्याला कळ्या. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, एवढी एक गोष्ट आपण जुन्या काड्या जपत बसतो म्हणून चुकते.

संध्याकाळी टपोऱ्या, मिटलेल्या कळ्या काढतो. त्या रात्री फुलतात. स्टेशनबाहेरच्या गजरेवाल्या मावशींकडे उभं राहून बांधायला शिकलो. दोन कळ्या इकडे तोंड करून, दोन तिकडे, देठांवर दोऱ्याचा फेर, फास, ओढ. त्या केळीच्या सोपाचा ओला दोरा वापरतात, देठ कापले जात नाहीत. मी शिवणाचा दोरा घेतला तर निम्म्या कळ्यांची मुंडकी हातात आली. आता शेजारच्या केळीवाल्याला सोप मागून ठेवलाय.

रत्नागिरीजवळून

रातांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे दिवस आहेत, त्यामुळे हे लिहिताना बोटं जांभळी आहेत आणि फोनही.

आमसुलं म्हणजे नुसती वाळवलेली सालं, असं शहरात पुष्कळांना वाटतं. रातांबा फोडायचा, बिया आणि गर एकीकडे, साल दुसरीकडे. गराच्या रसात मीठ घालायचं. सालं एक ऊन वाळवायची, संध्याकाळी त्या रसात बुडवायची, सकाळी पुन्हा उन्हात. असं एक पूट. आमच्याकडे 7 पुटं देतात, तेव्हा ती काळपट लाल आणि मऊ होतात. विकतची कडक, फिकट आमसुलं बघितली की कळतं, कुणीतरी दुसऱ्या-तिसऱ्या पुटावर कंटाळलंय.

यंदा पाचव्या पुटाला वळीव आला. अंगणभर चटया, आणि मी आणि सासरे, दोघंच घरात. ते 78 वर्षांचे, पण धावले. चार चटया वाचल्या, एक भिजली. भिजलेली सालं पंख्याखाली पसरली तरी तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी दिसली. टाकली. रडू आलं म्हणायला लाज वाटते, पण आलं.

मग उरलेले रातांबे फोडले आणि ताज्या सालांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली. साखर विरघळून रस सुटला की अमृत कोकम. बिया वाळवून ठेवल्यात, पावसाळ्यात त्यांचं तेल काढू. टाचांच्या भेगांना त्या थिजलेल्या तेलाच्या गोळ्याहून बरं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

जुन्नर

अट मोडतो, एकाच वाक्यापुरती: आमच्या लहानपणी करवंद चावून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी.

यंदा भाचरांना घेऊन डोंगरावर गेलो. पहिल्या जाळीलाच धाकटीचा फ्रॉक काट्यात अडकला, मोठ्याचे ओठ चिकानं चिकटले. मग कोंबडा की कोंबडी सुरू झालं, आणि पोरांनी पाचव्या करवंदावर मला हरवलं. काही न चावताच ओळखत होते. कसं, ते सांगत नाहीत.

एडमंटन, कॅनडा

आमचा उन्हाळा आत्ता कुठे सुरू होतोय. मे महिन्यातही दंव पडतं, म्हणून व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीआधी रोपं बाहेर लावायची नाहीत, असा इथला नेम. मी शहाणी, दोन आठवडे आधी वांगी लावली. सकाळी सगळी काळी पडून माना टाकलेली.

शेपू मात्र गेल्या वर्षी सांडलेल्या बियांतून आपोआप वर आलाय. घरात कुणालाच आवडत नाही, म्हणून असा माजलाय. कोथिंबिरीची तऱ्हा उलटी. जूनमध्ये इथे रात्री 10 पर्यंत उजेड असतो, आणि दिवस लांबला की ती फुलावर जाते. आधी उपटून टाकायचे. आता हिरवे धणे धरू देते आणि आमटीत ठेचून घालते. भारतात असताना हे कधी सुचलं नव्हतं, तिथे जुडीच दहा रुपयांना मिळायची.

आणि हो, मुगाचे सांडगे गाडीच्या डॅशबोर्डवर वाळवले. काचा बंद, दोन दिवसांत कडकडीत. गाडीत हिंगाचा वास अजून आहे. नवऱ्यानं ऑफिसातल्या कुणाला लिफ्ट देणं बंद केलंय.

नाशिक

मी काही केलं नाही, फक्त बघितलं. सोसायटीतल्या शेवग्याच्या वाळक्या फांदीवर तांबटाची जोडी भोक पाडत होती. चिमणीहून जरासा मोठा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा. भर दुपारी कुणी तांब्याचं भांडं ठोकावं तसा टुक टुक टुक आवाज येतो ना, तोच हा. दोघं आळीपाळीनं आत जायचे आणि चोचीतून भुसा बाहेर टाकायचे. भोक इतकं गोल, की सुतारानं गिरमिटानं पाडलंय म्हणावं.

फांदी तोडायचं सोसायटीत ठरलं होतं. मी प्रत्येक घरी जाऊन पावसाळ्यानंतर तोडू म्हणून विनवलं. दोघांनी विचारलं, पक्ष्यामुळे काही सवलत मिळते का? फांदी अजून आहे.

मडगाव, गोवा

आमच्याकडे मे अखेरीला पुरुमेंताचें फेस्त. चर्चच्या फेस्ताला जोडून बाजार भरतो आणि लोक पावसाळ्याची बेगमी घेतात: सुके बांगडे, सुकी सुंगटां (कोळंबी), मिरच्या, चिंच, सोलां (आमसुलं). मी यंदा सोलां घरी करायची ठरवली होती. रत्नागिरीच्या बाईंचं वाचलं आणि पिशवी घेऊन बाजारात निघालो.

पुणे (धागा काढणारी)

निकाल ऐका. वाटून गाळलेल्या गव्हाचा चीक रात्रभर निवळला, वरचं पाणी ओतलं, खाली पांढराशुभ्र घट्ट थर. जितका चीक तितकंच पाणी उकळायला ठेवलं, त्यात मीठ, हिंग, चमचाभर तेल. मग एकानं चीक ओतायचा आणि दुसऱ्यानं हाटत राहायचं. दुसरा म्हणजे नवरा, त्याला नेमका तेव्हाच फोन आला. गुठळ्या झाल्या. रवीनं मोडल्या, झाकून वाफ आणली, पांढरा रंग जाऊन चकाकी आली. ओलं बोट लावलं तर चिकटलं नाही, म्हणजे शिजला. वाटीभर चीक गरम गरम, दूध-साखर घालून आम्ही उभ्यानंच खाल्ला. वासाबद्दल बोलणाऱ्यांनी दोनदा घेतला.

सोऱ्या दाबताना दंड भरून आले. गच्चीवर प्लॅस्टिकवर 94 कुरडया घातल्या. संध्याकाळी बघते तर वरच्या तारा सुटून आलेल्या, कडांचे तुकडे पडलेले. बहुधा चीक गार झाल्यावर घातला. अखंड निघाल्या 57. बाकीच्यांचा एक मोठा डबा भरून चुरा आहे. काय करू त्याचं?

जळगाव

पहिल्या वर्षी 57 म्हणजे पुष्कळ. चुरा टाकू नका हो! मूठभर घ्या, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा, निथळा. तेलात मोहरी, भरपूर कांदा, लसूण, हळद, काळा मसाला. कांदा मऊ झाला की चुरा घालून एक वाफ काढा. मीठ बेतानं, कुरडईत आधीच असतं. भाकरीबरोबर खा.