हॅझर्ड, रिस्क आणि आपला ‘धोका’

गोदाकाठ: विमा क्षेत्रासाठी नैसर्गिक आपत्ती आणि जोखीम व्यवस्थापन शिकतेय. निफाडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी माहितीपत्रक लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडले. हॅझर्डला ‘धोका’, रिस्कलाही ‘धोका’. अभ्यासात मात्र दोन्ही निरनिराळे. गारपीट किती वेळा होते, गार केवढी पडते, हे झालं हॅझर्ड. तिच्या माऱ्यात काय सापडतं ते एक्सपोजर. सापडलेलं किती पटकन नासतं ती व्हल्नरॅबिलिटी. या तिन्हींवरून रिस्क काढतात, आणि त्यावर विम्याचा हप्ता. शेतकरी वाचताना अडखळणार नाही असे शब्द हवेत.

दिंडोरीकर: ताई, गारपिटीला ‘धोका’ आणि रिस्कला ‘जोखीम’ ठेवा. जोखीम म्हटलं की मला ‘जोखणे’ आठवतं, तुमचं कामही तेच आहे. व्हल्नरॅबिलिटीला ‘असुरक्षितता’ लिहू नका, बागेत कोणी तसं बोलत नाही. आम्ही विचारतो, “बाग कोणत्या अवस्थेत आहे?” खरड छाटणी, म्हणजे हंगाम संपल्यावरची छाटणी, होऊन बाग मोकळी असताना गार पडली तर घड तरी जात नाहीत. मणी पिकायला लागून त्यात पाणी उतरलेलं असताना पडली तर वर्ष गेलं. नुसत्या अवकाळी पावसाचंही तसंच. फुलोऱ्यात आला तर डाऊनी हा बुरशीचा रोग, पाणी उतरल्यावर आला तर मणी तडकतात. पाऊस तोच. मागच्या वर्षी मी तडकलेला घड हातात धरून उभा होतो, बोटांवर रस ओघळत होता, आणि शेजारची उशिरा छाटलेली बाग शाबूत होती.

पंचवटीकर: एक्सपोजरसाठी शब्द जुन्या नाशकात आहे. आजी बाहेर निघालेल्या सुनेला सांगायची, “अंगावर जोखीम आहे, अंधाराच्या आत ये.” जोखीम म्हणजे सोनं! पुराचंही बघा. पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, हे धोक्याचं माप. तेच पाणी सराफ बाजारात शिरलं की जोखीम. म्हणून माझ्या मते रिस्कला ‘जोखीम’ दिलीत तर एक्सपोजरला शब्दच उरत नाही.

आणि ‘शंभर वर्षांचा पूर’ असं कृपा करून लिहू नका. नकाशावरची लाल पूररेषा त्याच पुराची, निळी पंचवीस वर्षांच्या पुराची. लोक समजतात, पंचवीस वर्षांचा पूर एकदा येऊन गेला की पुढची पंचवीस वर्षं निवांत. खरं तर तो येण्याची दर वर्षी शंभरात चार एवढी शक्यता असते, आणि पंचवीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता ६४ टक्के.

गोदाकाठ: काका, हे ६४ टक्के पत्रकात जसेच्या तसे घेते. ‘बागेची अवस्था’ही पक्की. जोखीम रिस्कलाच ठेवते, कारण विम्याच्या मराठी कागदांत ती तशी रुळली आहे. एक्सपोजरला ‘धोक्यात असलेला माल’ लिहिलंय. लांब आहे, पण व्यापाऱ्यापासून मजुरापर्यंत सगळे ‘माल’च म्हणतात.