अवांतर, विषयांतर, फाटे: इतिवृत्तात काय लिहावं?

प्रश्न: गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त लिहिते आहे. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवर बोलणं चालू असताना टँकरचा खर्च, पार्किंग, कोणाची तरी जुनी तक्रार असं बरंच निघालं. मी सगळ्याला ‘अवांतर चर्चा’ म्हटलं. एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात, ‘विषयांतर’ लिहा. फरक आहे का?

प्रतिसाद: आहे, आणि तो जपायलाच हवा. संस्कृतात अवांतर म्हणजे मधलं, मुख्याच्या पोटात येणारं; अवांतर भेद म्हणजे पोटभेद. मराठीत अर्थ सैल झाला, पण शब्दाला दूषण चिकटलं नाही. ‘अवांतर वाचन करा’ असं शिक्षक आवर्जून सांगतातच की. विषयांतर म्हणजे सरळ दुसरा विषय. तेव्हा टँकरचा खर्च अवांतर, कारण तो टाकीच्या गळतीतूनच उद्भवला. पार्किंग हे विषयांतर.

फाटे फोडणं आणखी वेगळं. तिथे हेतू आला: मूळ प्रश्नाचा निकाल लागू द्यायचा नाही. हा वाक्प्रचार इतिवृत्तात मुळीच नको. कोणाच्या मनात काय होतं हे लिहिणं सचिवांचं काम नव्हे. (पाल्हाळ यात धरू नका. पाल्हाळ लावणारा विषयावरच असतो, फक्त थांबत नाही.)

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, वादात हार ठरवणारी 22 निग्रहस्थानं दिली आहेत. त्यांतलं एक ‘अर्थांतर’, म्हणजे चालू विषयाशी संबंध नसलेलं बोलणं. पंडितांच्या वादाला ते शोभतं, सोसायटीच्या सभेला नाही. पार्किंगवाल्याचं गाऱ्हाणं खरं असतं आणि ते सगळ्यांसमोर मांडायला त्याला वर्षातून हीच एक जागा मिळते. म्हणून विषयपत्रिकेच्या शेवटी असणारं ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ हे कलम मला फार मोलाचं वाटतं. विषय अडवायचा नाही, त्याला त्याची वेळ द्यायची.

आणखी एक प्रतिसाद: परत वळण्यासाठीही मराठीत सुरेख शब्द आहे. ज्ञानेश्वरीत दृष्टांतांमागून दृष्टांत येतात, आणि मग ‘परि हें असो’ म्हणून माउली मूळ अर्थाकडे येतात. सांगितलेलं त्यात खोटं ठरत नाही, बाजूला ठेवलं जातं. आज नुसतं ‘असो’ म्हटलं तर मात्र वैतागल्यासारखं वाटतं. अध्यक्षांनी ‘ते असू द्या, आधी टाकीचं ठरवू’ असं पूर्ण म्हणावं.

प्रश्नकर्ती: मग पार्किंगबद्दल नेमकं काय लिहू?

प्रतिसाद: ‘विषयांतर’ हा शेराही नको. घडलं तेवढंच लिहा: ‘चर्चेदरम्यान पार्किंगचा विषय उपस्थित झाला. तो विषयपत्रिकेवर नसल्याने आयत्या वेळच्या विषयांत घेण्यात आला.’ टँकरचा खर्च टाकीच्या ठरावाखालीच नोंदवा.