मदत हवी आहे: बॅकग्राउंड चेकसाठी पूर्ण बँक स्टेटमेंट द्यावंच लागतं का?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला हिंजवडीतल्या एका कंपनीची ऑफर आलीय. पडताळणी करणाऱ्या एजन्सीने डिग्री, रिलीव्हिंग लेटर मागितलं, ते ठीकच. पण आता सहा महिन्यांचं अख्खं बँक स्टेटमेंट हवंय! त्यात आईच्या केमोची बिलं ओळीने दिसतात. ती परक्या माणसाने का बघावी? आधार मास्क करून, शेवटचे 4 आकडे दिसतील असं पाठवलं, तेही परत आलं. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय ना? फक्त पगाराच्या नोंदी ठेवून बाकीच्या ओळी काळ्या केल्या तर चालतं का? कुणी असं केलंय? एचआरला मेल कसा लिहावा, म्हणजे ऑफर हातची जाणार नाही? सोमवारपर्यंत कळवायचंय.