गुरबाणीची प्रश्नमंजूषा: मुलं बाणीजवळ येतात की नुसते आकडे पाठ करतात?

गोदातट

गुरपुरबाच्या निमित्ताने मुलांसाठी प्रश्नमंजूषा ठेवणारे गुरुद्वारे पंजाबात आहेत, नांदेडला आहेत, परदेशातही आहेत. माझं मत सरळ आहे: ती ठेवावी आणि नेटाने ठेवावी. नांदेडच्या दखनी शीख घरांतली कितीतरी मुलं मराठी किंवा हिंदी शाळेत जातात. कीर्तन लहानपणापासून कानावर असतं, पण गुरुमुखी अक्षर ओळखीचं नसतं आणि अर्थ तर कोणी विचारलेलाच नसतो. स्पर्धेचं नाव निघालं की घरातला गुटका (नित्यपाठाच्या बाणींची छोटी पोथी) उघडला जातो, आईवडीलही सोबत वाचायला बसतात. ही सोय दुसऱ्या कुठल्याही उपक्रमात इतक्या सहज होत नाही.

पण आखणी नीट हवी. ‘शीख इतिहास व गुरबाणी’ असा अख्खा डोंगर विषय म्हणून दिला की मुलं बाजारातलं गाईड घोकतात. त्याऐवजी १२ आठवडे आधी प्रत्येक गटाला एकच बाणी (गुरू ग्रंथ साहिबातली एक रचना) द्यावी. ८ ते १० वर्षांना सोहिला: पाचच शबद (पदं), अंग म्हणजे ग्रंथाचं पान १२-१३. ११ ते १४ ला जपुजी: मूलमंत्र, ३८ पौड्या (कडवी), सुरुवातीचा आणि शेवटचा सलोक. १५ ते १८ ला आसा दी वार, २४ पौड्या त्यांच्या सलोकांसकट.

लेखी फेरी ३० प्रश्नांची, ४० मिनिटं. त्यात नावं-आकडे ६, शब्दार्थ १०, भावार्थ १०, इतिहास ४. पुढे तिघांचा एक असे ६ संघ मंचावर. बझर नको. बझर ठेवला की संघातला एक चुणचुणीत मुलगा सगळी उत्तरं देतो, बाकी दोघं नुसती बसून राहतात. प्रत्येकाच्या हातात पाटी द्या, २० सेकंदांनी तिन्ही पाट्या एकदम वर. उणे गुणही नकोत. बाणीचा अर्थ सांगताना चुकलं तर गुण जाणार म्हटल्यावर मूल तोंडच उघडत नाही.

संथ्या_आधी

असहमत, आणि अगदी मुळापासून. प्रश्नमंजूषेत बाणीबद्दलची माहिती तपासली जाते. बाणी बाजूलाच राहते. सुखमनी या बाणीत अष्टपद्या किती? २४. एकेकीत पदं किती? ८. राग कोणता? गउडी. तिन्ही उत्तरं देणाऱ्या मुलाने सुखमनी एकदाही उघडली नसेल, तरी त्याला पूर्ण गुण.

शिकायची जुनी वाट संथ्येची आहे. आधी पैंतीस अखर (गुरुमुखीची मुळाक्षरं), मग लगा-मात्रा (स्वरचिन्हं), मग उस्तादासमोर मांडी घालून रोज दोन पौड्या. जपुजीच्या ३८ पौड्या १९ दिवसांत वाचून होतात, पुढचे तेवढेच दिवस उजळणी. ही पायरी गाळली की काय होतं ते देवनागरी गुटक्यांवर दिसतं. मूलमंत्रात लिहिलंय ‘सति नामु’. मराठी मूल शेवटचे ऱ्हस्व स्वर ठणठणीत उच्चारतं, कारण मराठी शाळेत त्याला ‘लिहिलंय तसं वाच’ असंच शिकवलेलं असतं. पाठात मात्र ते ‘सत नाम’ असं वाचलं जातं, ‘गुर प्रसादि’ हे ‘गुर प्रसाद’ असं. ‘महला १’ (पहिल्या गुरूंच्या बाणीची खूण) हे ‘महला एक’ नसून ‘महला पहिला’. हे कागदावरून कळत नाही, कानाने कळतं. तुमच्या ३० लेखी प्रश्नांत कान कुठे आहे?

लगामात्रा

संथ्या_आधी यांचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. तो शेवटचा ऱ्हस्व स्वर उच्चारायचा नसतो तर लिहिला कशाला, हा प्रश्न संथ्येत बहुतेकदा राहून जातो. त्या मात्रेत व्याकरण आहे. ‘नानकु’ म्हणजे कर्ता, नानक म्हणतो. ‘नानक’ म्हणजे हाक, हे नानक. ‘नानकि’ म्हणजे नानकाने. ‘गुरु’, ‘गुर’, ‘गुरि’ यांचंही तसंच.

आणि इथे मराठी मुलाकडे घरचीच किल्ली असते. जपुजीच्या पाचव्या पौडीत आहे: ‘गावीऐ सुणीऐ मनि रखीऐ भाउ ॥ दुखु परहरि सुखु घरि लै जाइ ॥’ यातलं ‘मनि’ म्हणजे आपलं ‘मनी’, ‘घरि’ म्हणजे आपलं ‘घरी’. मनी भाव ठेवावा, दुःख दूर सारून सुख घरी न्यावं. ‘मनी नाही भाव’ म्हणणाऱ्या भाषेतल्या मुलाला इथली सिहारी (ऱ्हस्व इकाराची खूण) दोन मिनिटांत कळते. आता लेखी फेरीत असा प्रश्न घाला: ‘मन’ आणि ‘मनि’ असलेल्या दोन तुका (बाणीतल्या ओळी), दोन्हींचा मराठीत अर्थ लिहा. पाठांतराने याचं उत्तर येत नाही. वाईट प्रश्न काढले म्हणून प्रश्नमंजूषाच वाईट ठरवणं मला पटत नाही.

उत्तरतालिका

प्रश्न काढणाऱ्यांसाठी काही गोष्टी आधीच सांगतो. बक्षीस समारंभात होणारी भांडणं बहुतेक यांच्यावरूनच असतात.

गुरू ग्रंथ साहिबात बाणीकार किती? ६ गुरू, १५ भगत (संतकवी), ११ भट्ट (गुरूंची स्तुती रचणारे कवी) आणि सत्ता, बलवंड, सुंदर हे तिघं धरून ३५. बिहागडा रागातल्या वारेतला ‘सलोक मरदाना’ गुरू नानकांचे साथीदार भाई मरदाना यांचा मानला तर ३६. भट्ट ११ ऐवजी १७ मोजणारेही आहेत. म्हणजे एका साध्या प्रश्नाला तीन-चार उत्तरं, आणि प्रत्येकामागे कोणीतरी विद्वान.

तारखा त्याहून अवघड. गुरू गोविंदसिंगांचा जन्म विक्रम संवत १७२३ च्या पोह सुदी ७ चा. जुन्या ज्युलियन गणनेने ती तारीख २२ डिसेंबर १६६६ येते, ग्रेगोरियनने १ जानेवारी १६६७, आणि २००३ च्या नानकशाही दिनदर्शिकेत गुरपुरब ५ जानेवारीला बांधलेला. नुसतं ‘जन्मसाल लिहा’ म्हटलं तरी दोन मुलं दोन सालं लिहितील आणि दोघंही बरोबर असतील. त्यापेक्षा क्रम विचारा: ग्रंथाच्या पोथीचं संकलन १६०४, गुरू अर्जनदेवांची शहादत १६०६, गुरू तेगबहादुरांची १६७५, खालसा पंथाची स्थापना १६९९, नांदेडला ग्रंथाला गुरुगादी १७०८. पाच चिठ्ठ्या, ओळीने लावा. मग पुढचा प्रश्न: १७०८ च्या आधी ग्रंथात कोणत्या गुरूंची बाणी जोडली गेली होती? नववे गुरू, तेगबहादुर. इथे सालाला अर्थ येतो.

‘ही तुक कोणत्या अंगावर?’ हा प्रश्न तर काढूनच टाका. १४३० अंगांची मांडणी छापील सरूपांमुळे (ग्रंथाच्या प्रतींमुळे) एकसारखी झाली. जुन्या हस्तलिखितांत पानं वेगळी पडतात. आपण मुलांकडून छापखान्याची पानं पाठ करून घेतोय. राग आणि महला विचारा, त्या खुणा बाणीच्या आतल्या आहेत.

आणि भावार्थाला चार पर्याय देताना जपून. जपुजीची पहिली पौडी, ‘सोचै सोचि न होवई’. कोणी ‘सोच’ म्हणजे विचार घेतात, कोणी शुचिता. हिंदीमुळे मुलांना पहिलाच अर्थ सुचतो. एका पर्यायावर ‘बरोबर’ची खूण केलीत, तर दुसरा अर्थ शिकवणाऱ्या उस्तादाचा विद्यार्थी हकनाक बाद.

वारीवाट

मला एक वेगळीच खंत मांडायची आहे. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांचे ६१ शबद आहेत. पंजाबातल्या घुमानला २०१५ साली साहित्य संमेलन भरलं तेव्हा मराठी माणसाला हे नव्याने आठवलं, पुन्हा विसर पडला. नांदेडहून नरसी आणि औंढा नागनाथ, दोन्ही जवळच. भैरव रागातला शबद बघा, ‘हसत खेलत तेरे देहुरे आइआ’. हसत-खेळत देवळात आलेल्या नाम्याला भक्ती करता करता धरून उठवलं, तो कांबळं घेऊन देवळामागे जाऊन बसला आणि देऊळ त्याच्याकडे फिरलं. आपल्याकडे ही कथा औंढ्याची म्हणून सांगतात. रहाउ (शबदाचं ध्रुवपद) मात्र चमत्काराचा नाही. तिथे प्रश्न आहे: ‘छीपे के जनमि काहे कउ आइआ’, छीप्याच्या (कापड छापणाऱ्याच्या) जन्माला मी का आलो?

मोठ्या गटाला हाच शबद द्या आणि विचारा: १६९९ च्या पंज प्यारेंपैकी (खालशाच्या पहिल्या पाच जणांपैकी) कोणाचं नातं या ओळीशी लागतं? उत्तर मोहकमचंद, द्वारकेचे, जातीने छींबा, म्हणजे कापड छापणारे-शिवणारे. ज्या जन्मासाठी नामा रडला त्या जन्माचा माणूस आनंदपूरला पहिल्या पाचांत उभा राहतो. पाचवे साहिबचंद तर बिदरचे, नांदेडच्या शेजारचे, न्हावी समाजातले. पाच नावं आणि पाच गावं घोकण्यापेक्षा हा एक प्रश्न मोलाचा आहे. आणि अशी फेरी गावातल्या सगळ्या मुलांना खुली ठेवावी. वारकरी घरातलं मूल ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु’ वाचून थबकेल.

संथ्या_आधी

वारीवाट, प्रश्न सुंदर आहे, मान्य. पण खुल्या फेरीला माझा विरोध. सगळ्यांना खुली म्हटलं की प्रश्न आपोआप सोपे आणि भगतबाणीपुरते होतात, आणि ज्या मुलांना घरात गुरुमुखी मिळत नाही ती पुन्हा मागेच राहतात. आधी आपल्या मुलांना अक्षर द्या. शिवाय नामदेवांचे शबद वारकरी चष्म्यातून शिकवले जाण्याचाही धोका आहे. बाणीत शबद ज्या रागात, ज्या क्रमाने आलाय, तो संदर्भही शिकवायला हवा.

वारीवाट

चष्मा दोन्हीकडे असतो. म्हणूनच तर तुकेवर बोट ठेवून वाचायचं. कबीरजींच्या सलोकांतली जोडी घ्या: भगत त्रिलोचन नाम्याला विचारतो, कापडं काय छापत बसलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामा म्हणतो, ‘हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि’. हातापायांनी काम, चित्त निरंजनाशी. ‘हे शब्द नामदेवांच्या शबदांत आहेत का?’ असं विचारलं की निम्मी मुलं हो म्हणतील. ते कबीरांच्या सलोकांत आहेत. यात वारकरी आणि शीख दोन्ही मुलं सारखीच अडतील आणि दोघांनाही ग्रंथ उघडावा लागेल.

लंगरहॉल

आयोजकांनी मर्यादा पाळायची तीही बोला. मंच दरबार साहिबात (जिथे ग्रंथ विराजमान असतो तिथे) नको, लंगर हॉलमध्ये किंवा शाळेत लावा. डोकी झाकलेली, टाळ्यांऐवजी जैकारा (जयघोष). आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: प्रश्नपत्रिकेवर तुका छापतात. पेपर संपला की तेच कागद खुर्चीखाली, पायाखाली. तुका पडद्यावर दाखवा, कागदावर फक्त प्रश्नाचा क्रमांक आणि उत्तराची जागा. छापणं टळतच नसेल तर कागद मोजून द्या, मोजून परत घ्या आणि अगन भेटीसाठी (सन्मानाने अग्नीला अर्पण करण्यासाठी) ग्रंथीजींकडे सोपवा. मुलं उत्तरात तुक लिहितात, म्हणून उत्तरपत्रिकांनाही हाच नियम. बक्षीस म्हणून गुटका देणार असाल तर रुमालासकट द्या आणि घरी कुठे ठेवायचा तेही सांगा.

उत्तरतालिका

लंगरहॉल यांनी मर्यादा काढलीच आहे तर सोहिल्याबद्दल एक सावधगिरी. तिसरा शबद धनासरीतला, ‘गगन मै थालु रवि चंदु दीपक बने’. आकाश हे ताट, सूर्य-चंद्र दिवे. यावर हमखास प्रश्न निघतो: ‘दिवे ओवाळून आरती करणं गुरमतात बसतं का? चूक की बरोबर?’ शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीच्या १९४५ च्या रहत मर्यादेप्रमाणे (शीख आचारसंहितेप्रमाणे) बसत नाही. नांदेडच्या हजूर साहिबला मात्र दिव्यांची आरती रोजची आहे. नांदेडच्या आठ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न घालणं म्हणजे आपण रोज पाहतो ते चूक असं त्याच्याकडूनच लिहून घेणं.

लगामात्रा

मग तो प्रश्न टाळायचा का? मला नाही वाटत. रहाउवर या: ‘कैसी आरती होइ ॥ भव खंडना तेरी आरती ॥’ लहान गटाला एवढंच विचारा: या शबदात ताट कोणतं, दिवे कोणते, चवरी कोण ढाळतं? ताट गगन, दिवे रवि-चंद्र, चवरी वारा. मुलाने शबद समजून वाचलाय की नाही ते या तिघांत कळतं. मर्यादेतला फरक १५ ते १८ च्या गटाला विचारा, आणि तिथेही ‘दोन्ही बाजू सांगा’ असा.

गोदातट

सगळं वाचून आखणी बदलतो. आकड्यांचे ६ प्रश्न २ वर आणले, उरलेले ४ ‘मन/मनि’ धर्तीच्या मात्रांना दिले. अंग विचारायचे नाहीत. वादाच्या संख्या नाहीत. कोणतं टीका-पुस्तक प्रमाण धरणार ते १२ आठवडे आधी बाणीबरोबरच जाहीर. खुली फेरी वेगळी ठेवू, नामदेवांच्या तीन शबदांवर, तिचे गुण मुख्य स्पर्धेत धरायचे नाहीत. संथ्या_आधी, तुमच्या कानाचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

संथ्या_आधी

माझा विरोध मावळलेला नाही. स्पर्धा हे पहिलं साधन नव्हेच. तरी ठेवणारच असाल तर लेखीच्या आधी वाचनाची फेरी घ्या. नेमलेल्या बाणीतली चिठ्ठीने निघालेली एक पौडी किंवा शबद, प्रत्येक मुलाला ३ मिनिटं, समोर गुटका उघडा, पाठांतराची सक्ती नाही. १०० पैकी ४० गुण या फेरीला. आणि ही फेरी पार केल्याशिवाय लेखीला बसू देऊ नका.

लगामात्रा

४० गुण द्या, पण परीक्षक दोन घ्या, एक नांदेडचा आणि एक पंजाबी बोलणारा. पंजाबीत सुरुवातीचे भ, ध, घ खालच्या सुरात, जवळजवळ प, त, क सारखे येतात. मराठी मूल ‘भाउ’ खणखणीत भ लावून म्हणणार. पंजाबातून आलेला परीक्षक तिथे हटकून गुण कापतो. विश्राम चुकला, शब्द चुकीचा तोडला, मात्रा बदलून अर्थ फिरला, तर कापा. भ-ध-घ साठी गुण कापायचे नाहीत, हे दोघांकडूनही आधी लिहून घ्या.