महापालिकेच्या तिजोरीवर ताण आहे, मग पुनर्विकासाची सूत्रे मंत्रालयाकडेच का?

परळकर

झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (एसआरए) आणि म्हाडाचे (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे) इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, या दोन्ही यंत्रणा मुंबई महापालिकेच्या अखत्यारीत आणाव्यात, असे माझे ठाम मत आहे. कारण पैशाचे आहे.

१ जुलै २०१७ ला जकात गेली. पालिकेचे ते हक्काचे उत्पन्न होते. आता राज्य सरकार भरपाई देते, दरवर्षी ८ टक्के वाढही देते. पण स्वतः वसूल केलेला कर आणि मंत्रालयाकडून येणारा हप्ता यांत फरक आहे. २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. त्यात मालमत्ता करातून साधारण ५,२०० कोटी धरले होते आणि विकास नियोजन खात्याकडून, म्हणजे मुख्यतः जादा बांधकामाच्या परवानगीसाठी बिल्डर भरतात त्या प्रीमियममधून, ९,७०० कोटींच्या आसपास. जो कर मंदीतही येतो त्याच्या जवळपास दुप्पट रक्कम बांधकामाच्या तेजीवर टांगलेली आहे. मुदत ठेवी ९० हजार कोटींच्या वर होत्या, त्या ८२ हजारांच्या घरात आल्या. त्यातही कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी आणि कंत्राटदारांच्या अनामत रकमा आहेत, म्हणजे सगळा पैसा खर्चायला मोकळा नाही.

आता दुसरी बाजू. एसआरएचे अध्यक्ष मुख्यमंत्री. टॉवरला मंजुरी एसआरए देणार. त्या टॉवरला पाणी, मलवाहिनी, रस्ता, शाळा आणि दवाखाना मात्र पालिका देणार. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन आणि झोपडपट्टी सुधारणा ही दोन्ही कामे शहराच्या स्थानिक संस्थेची म्हणून लिहिलेली आहेत. तीस वर्षे उलटून गेली. मुंबईत हे कधी होणार?

डोंगरीची_सून

परळकर, तुमचे आकडे बरोबर असतील, पण आमचा जीव तुमच्या सिद्धान्तावर टांगू नका. २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली, ६१ माणसे गेली. ती इमारत कोणाची होती? महापालिकेची. राहत कोण होते? महापालिकेचेच कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे. स्वतःच्या इमारतीत स्वतःची माणसे ज्यांना सांभाळता आली नाहीत, त्यांच्या हातात दक्षिण मुंबईतल्या सगळ्या सेस इमारती, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती, द्यायच्या?

दुरुस्ती मंडळ आदर्श आहे असे मी म्हणत नाही. १९६९ च्या कायद्याने १९,६४२ इमारती उपकरप्राप्त झाल्या, अजून तेरा हजारांच्या आसपास तशाच उभ्या आहेत. पण आमचा जिना खचला तेव्हा टेकू लावायला मंडळाचे लोक आले. मालक फिरकलासुद्धा नाही.

निवृत्त_जलअभियंता

मी या शहराच्या पाण्याच्या कामात आयुष्य घालवले, म्हणून तेवढ्यावरच बोलतो. तळमजला अधिक तीन मजल्यांची चाळ जाते आणि तिथे चाळीस मजले उभे राहतात. प्रत्येक घरात दोन न्हाणीघरे. खालची जलवाहिनी तीच, गल्लीची रुंदी तीच. बिल्डर प्रीमियम भरतो, पण तो पालिकेच्या एकूण उत्पन्नात मिसळतो आणि सागरी रस्ता, बोगदे, पूल अशा मोठ्या प्रकल्पांच्या बिलांत जातो. पालिकेने अंगावर घेतलेल्या कामांची रक्कम दोन लाख कोटींच्या पुढे आहे. मग दक्षिण मुंबईतल्या सी वॉर्डातल्या गल्लीची वाहिनी बदलायला पैसा उरत नाही.

तरीही विलीनीकरणाला माझा विरोध आहे. पालिकेच्या जमिनीवरच्या झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत पात्र रहिवाशांची यादी, म्हणजे परिशिष्ट-२, वॉर्ड ऑफिसातूनच तयार होते. ती यादी किती काळ अडकून पडते हे परळकरांनी एखाद्या सोसायटीच्या सचिवाला विचारावे. सगळे एकाच दारात आणले तर दार रुंद होत नाही, रांग वाढते.

मेधा_सॅनहोजे

इथे कॅलिफोर्नियात नेमके हेच भांडण झाले, म्हणून लिहिते. परळकर मागताहेत ती रचना इथे होती. पुनर्विकास संस्था शहराची आणि बहुतेक ठिकाणी नगर परिषदेचे सदस्यच तिचे संचालक. १९४५ चा कायदा, आणि १९५२ पासून पैशाची सोय अशी: एखादा भाग ‘मोडकळीस आलेला’ म्हणून जाहीर करायचा, त्या दिवशीचा मालमत्ता कर गोठवायचा आणि पुढे जेवढी वाढ होईल ती पुनर्विकास संस्थेकडे वळवायची.

१९७८ मध्ये जनमताने मालमत्ता करावर कडक मर्यादा आली आणि शहरांची तिजोरी आवळली. मग काय झाले? ज्यांना पैशाची चणचण त्यांनाच ‘हा भाग मोडकळीस आला’ हे ठरवण्याचा अधिकार. सुस्थितीतले भागही यादीत आले, कारण यादीत आले की कर हाती येतो. अशा जवळपास ४०० संस्था झाल्या आणि राज्यातल्या मालमत्ता कराचा साधारण १२ टक्के भाग त्यांच्याकडे जाऊ लागला. शाळांचा वाटा घटला, तो राज्याला भरून द्यावा लागला. २०११ मध्ये राज्याची तूट २५ अब्ज डॉलरच्या घरात गेली तेव्हा गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी या संस्थाच बंद करायला घेतल्या. शहरे कोर्टात गेली. २९ डिसेंबर २०११ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा कायदा वैध ठरवला आणि १ फेब्रुवारी २०१२ ला सगळ्या संस्था विसर्जित झाल्या.

नुकसान गरिबांचे झाले. या संस्थांना २० टक्के रक्कम परवडणाऱ्या घरांसाठी बाजूला ठेवावी लागे. तो झराच आटला. म्हणून सांगते, अधिकार शहराकडे गेला की प्रश्न सुटतो हे खरे नाही. भुकेल्या पालिकेला पुनर्विकास दिला तर ती रहिवाशाआधी महसूल पाहील.

परळकर

मेधाताई, उदाहरण मोलाचे आहे, पण त्यातून मी उलटा निष्कर्ष काढतो. महसूल पाहणे इथे आताच चालू आहे, ९,७०० कोटींचा आकडा तेच सांगतो. फरक एवढाच की नगरसेवकाला मतदार दारात उभा करून विचारू शकतो. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळात मोठमोठे निर्णय झाले आणि सभागृहात प्रश्न विचारायला कोणी नव्हते. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाला आमच्या गल्लीतला माणूस कुठे गाठणार?

नंदू_गोरेगाव

आमच्या गोरेगावची पत्राचाळ आणि तिचा रखडलेला पुनर्विकास विसरू नका. ६७२ कुटुंबे. २००८ ला करार, बिल्डरने काम अर्धवट टाकले, रहिवाशांना द्यायचे भाडे बंद. म्हाडाने २०१८ ला प्रकल्प ताब्यात घेतला, म्हणून आज इमारती उभ्या आहेत. त्या जागी पालिका असती तर ‘तरतूद नाही’ म्हणून हात वर केले असते. राज्याची यंत्रणाच हवी.

परळकर

नंदू, करारात म्हाडाही होतीच की. २००८ ते २०१८ या दहा वर्षांत तिने काय केले?

डोंगरीची_सून

त्या दहा वर्षांचे उत्तर म्हाडाने द्यायलाच हवे. पण म्हाडा कायद्याचे कलम ७९-अ बघा. मालकाने धोकादायक इमारतीचा प्रस्ताव सहा महिन्यांत दिला नाही तर संधी रहिवाशांना, त्यांनाही जमले नाही तर म्हाडा भूसंपादन करून बांधणार. पागडीवाल्यांच्या, म्हणजे पागडी भरून राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंच्या, हाताला लागलेले हे पहिले खरे हत्यार. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अशा नऊशेहून जास्त नोटिसांना स्थगिती दिली, कारण प्रश्न नोटीस कोणी आणि कोणत्या अधिकारात काढली हा होता. यंत्रणा पुन्हा बदलली तर अधिकाराचा वाद नव्याने सुरू होईल, मालक पुन्हा कोर्टात जातील. आमच्याकडे तेवढी वर्षे नाहीत.

निवृत्त_जलअभियंता

मग माझी मागणी नोंदवतो. संस्था आहेत तिथे राहू द्या, पैसा बांधून टाका. ज्या वॉर्डातून प्रीमियम आला त्यातला ठरावीक हिस्सा त्याच वॉर्डाच्या जलवाहिन्या आणि मलवाहिन्यांसाठी, वेगळ्या खात्यात. म्हाडा किंवा एसआरएने मंजुरी देण्याआधी जल खात्याची क्षमता तपासणी बंधनकारक, आणि ती सोसायटीला वाचायला मिळाली पाहिजे.

परळकर

वेगळ्या खात्याला माझा पाठिंबा आहे. पण त्या खात्यावर सही कोणाची, हे लिहा. आयुक्ताची असेल तर विरोध, कारण आयुक्त सरकार नेमते. नगरसेवकांच्या स्थायी समितीची असेल तर उद्याच आमच्या नगरसेवकाला पत्र देतो.