क्लीव्हलंडला इतके चांगले पिचर मिळतात तरी कुठून?

फुलटॉस_७७:
मंडळी, ओहायोत आल्यापासून क्लीव्हलंड गार्डियन्सच्या बेसबॉल मॅचेस बघायचं वेड लागलंय. पण एक कळत नाही, या टीमकडे यँकीज-डॉजर्ससारखा पैसा नाही, ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्यात) नंबर बहुतेक वेळा मागेच लागतो, तरी दर एकदोन वर्षांनी नवा तगडा पिचर (बॉल टाकणारा) उभा राहतोच. हे नशीब की यांना खरंच काही जमलंय?

अक्रनकर:
नशीब एखाद्या वेळी असतं हो, इतक्यांदा नाही. शेन बीबरचंच घ्या. 2016 चा ड्राफ्ट, चौथा राउंड, 122 वा नंबर. कॉलेजच्या टीममध्ये आला तेव्हा स्कॉलरशिपसुद्धा नव्हती. स्पीड बेताचा, पण बॉल हवा तिथेच पडणार. 2017 ला मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर) 173 इनिंग्ज टाकल्या आणि वॉक दिले फक्त 10, अख्ख्या सीझनमध्ये! चार बॉल बाहेर गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर, आणि कोवळे पिचर नेमके तिथेच मार खातात. पुढे 2020 च्या छोट्या सीझनला ईआरए (नऊ इनिंग्जमागे पिचरच्या नावावर लागणारे रन, कमी तितके चांगले) 1.63, 122 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद केलेले बॅटर), साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार एकमताने. त्याच ड्राफ्टमधले सिव्हाली तिसऱ्या राउंडचा आणि प्लीसॅक तर बाराव्या, दोघेही मेजर लीगला स्टार्टर (मॅच सुरू करणारे पिचर) झाले.

यांचा हिशोब असा दिसतो की कंट्रोल शिकवणं महाकठीण, स्पीड मात्र वाढवता येतो, म्हणून कॉलेजातला अचूक टाकणारा पोरगा उचलायचा आणि मग जिम, हायस्पीड कॅमेरे, ॲक्शनमधली डागडुजी. टॅनर बायबी 2021 चा पाचवा राउंड, कॉलेजात फास्टबॉल ताशी नव्वद माईलच्या जरा वर, इथे येऊन 95 च्या घरात गेला आणि 2023 ला पहिल्याच सीझनला ईआरए 2.98, रूकी ऑफ द इयरला (सर्वोत्तम नवख्याचा पुरस्कार) दुसरा.

रेवा_कोलंबस:
मान्य, पण हायस्कूलमधून घेतलेल्या पोरांचं पण बोला ना. 2015 च्या पहिल्या राउंडला ब्रेडी एकिन घेतला, कोपराचं ऑपरेशन झालंय हे माहीत असून, बिचाऱ्याने मेजर लीगचं तोंड बघितलं नाही. मकेन्झी त्याच ड्राफ्टचा, 2022 ला 191 इनिंग्ज आणि ईआरए 2.96, पुढच्याच वर्षी खांदा आणि कोपर दोन्ही, मग तो कंट्रोल परत आलाच नाही. 2019 चा एस्पिनो, शंभर माईलने टाकणारा, खांद्याच्या ऑपरेशनांत वर्षंच्या वर्षं गेली. आणि तुमच्या बीबरचंही 2024 ला टॉमी जॉन (कोपराचं मोठं ऑपरेशन) झालंच की. निवड उत्तम आहे, पण पोरांचे हात टिकवणं यांनाही जमलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत.

अक्रनकर:
रेवाताई, एस्पिनोचं नाव काढलंत आणि पोटात तुटलं. 2022 च्या एप्रिलमध्ये तो इथे अक्रनला रबरडक्सकडून (गार्डियन्सची मायनर लीग टीम) चारच मॅच खेळला, 18 इनिंग्जमध्ये 35 स्ट्राइकआउट, बॅटर स्लायडरवर (शेवटी वळणारा बॉल) बॅट फिरवायचे तेव्हा बॉल फूटभर लांब असायचा. आधी गुडघा गेला, मग खांदा. पण हात टिकवणं आज कुठल्याच टीमला जमत नाहीये हो, त्याचा दोष एकट्या क्लीव्हलंडला देऊ नका. म्हणून तर 2021 च्या ड्राफ्टला यांनी 21 पैकी 19 पिचरच घेतले, बहुतेक सगळे कॉलेजचे, काही मोडणार हे धरूनच. त्यातच बायबी आणि गॅव्हिन विल्यम्स सापडले.

फुलटॉस_७७:
21 पैकी 19?? हे माहीतच नव्हतं. आता रबरडक्सची मॅच बघायला अक्रनला येणारच, प्लेटच्या मागची तिकिटं सहज मिळतात का?

अक्रनकर:
आठवड्याच्या मधल्या दिवशी आरामात मिळतात. येण्याआधी त्या दिवशी स्टार्टर कोण आहे तेवढं बघून घ्या.