मदत हवी आहे: जीएनएम झाले आहे, जपानला कायगोच्या कामाला जावं का?

सुरंगी:

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज विचारायचंच आहे म्हणून खातं उघडलं. पोस्ट लांबली तर सांभाळून घ्या.

मी वेंगुर्ले तालुक्यातली, वय 25. बारावी सायन्सनंतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे. सध्या कुडाळला एका खासगी हॉस्पिटलात आहे, बहुतेक नाइटच लागते. हातात 14 हजार येतात. खोलीभाडं आणि मेस गेल्यावर काय उरतं ते तुम्हाला सांगायला नको. बाबांची रिक्षा, आई काजूच्या कारखान्यात, धाकटा भाऊ आयटीआयला. आजी घरातच असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला धरून न्यावं-आणावं लागतं.

आता मुद्दा. जपान. हसू नका. लहानपणी टीव्हीवर हिंदीत बोलणारी जपानी कार्टून बघून सुरुवात झाली. बाकीच्या पोरी त्यातून बाहेर पडल्या, मी काही पडले नाही. ड्युटीवरून आले की मी काय बघते, तर कोणीतरी कॅमेरा लावून एका डब्याच्या रेल्वेतून समुद्राकाठानं चाललाय. बोलत काही नाही. स्टेशनात चिटपाखरू नाही, फलाटाला लागून पाणी. असं तासभर बघत बसते. (आपली कोकण रेल्वे नावाला कोकणची, समुद्र दाखवायचा सोडून बोगदेच दाखवते.) हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या माझ्या मीच शिकले. घरच्यांना वाटायचं हे खूळ आहे, जाईल आपोआप.

मग कळलं की तिकडे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला, म्हणजे कायगोला, बाहेरून माणसं घेतात. ओळखीतून एक एजंट भेटला. अडीच लाख म्हणतो, निम्मे आधी. भाषेचं टेन्शन घेऊ नका, आधी टुरिस्ट व्हिसावर जायचं, तिकडे गेल्यावर व्हिसा बदलून मिळतो. मूळ मार्कशीट आणि कौन्सिलचं सर्टिफिकेट त्याच्याकडे जमा करायचं. पावतीचं विचारलं तर म्हणाला, हे सगळं विश्वासावर चालतं. आई सोनं पतसंस्थेत ठेवायला तयार आहे, बाबा गप्प आहेत.

मला विचारायचंय ते असं. हा माणूस खरा की खोटा? नर्स असून कायगोला जाणं म्हणजे खालची पायरी उतरणं का? आणि तिकडे राहिलेलं कोणी असेल तर सांगा, एखाद्या देशावर लांबून जीव जडला एवढ्यावर जावं का? आजीला सांगितलं तर म्हणाली, "थंय जावन दुसऱ्याच्या म्हाताऱ्यांका आंघोळ घालतलंस, मगे माका कोण घालतलो?" त्यावर मला बोलता आलं नाही.

खाडीपलीकडचा:

सोनं घरातच ठेवा. आधी ते.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिकडे कामाचा व्हिसा करून घ्यायचा हा प्रकार जपानात चालत नाही. रीतसर मार्ग उलटा आहे: तिकडची संस्था आधी तुमच्याशी करार करते, मग त्यांच्या इमिग्रेशनकडे तुमच्यासाठी अर्ज करते, तिथून पात्रतेचं प्रमाणपत्र येतं, आणि ते लावून तुम्ही इथं व्हिसा मागता. एजंट या क्रमाबद्दल एक अक्षर बोलला नसेल तर तिथंच समजा.

दुसरं, परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. ई-मायग्रेट या सरकारी साइटवर परवानाधारक एजंटांची यादी आहे, नाव टाकून बघा. परवानाधारकालाही सेवाशुल्क म्हणून 30 हजार आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. भाषेच्या क्लासची फी वेगळी असू शकते, पण तिचीही पावती मिळते.

मूळ कागद कुणालाही देऊ नका. बघायला मागितले तर समोर बसून दाखवा आणि परत पिशवीत घाला.

बांगडातिखला:

एक डब्याची गाडी बघून देश बदलायचा म्हणजे कमाल आहे. सावंतवाडी-दिवा पॅसेंजरनं चतुर्थीच्या आदल्या दिवशी उलटा प्रवास करून बघा, गाडी रिकामी मिळेल.

(ताई, राग नसावा. जा तुम्ही. जाणाऱ्याला अडवू नये.)

सेतोकाठी:

मी मूळचा देवगडकडचा, गेली काही वर्षं जपानात ओकायामाजवळ राहतो. माझं काम कारखान्यातलं, पण बायको इथल्या वृद्धनिवासात कायगोच करते, त्यामुळे रोजचं ऐकून आहे.

सुरंगी, खालची पायरी की वरची हे जरा बाजूला ठेव, आधी काम काय आहे ते बघ. तुझं जीएनएम इथं नर्स म्हणून चालणार नाही. नर्स व्हायचं तर जपानची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, आणि तिला बसायलाच भाषेची सगळ्यात वरची पातळी, एन-1 लागते. इंडोनेशिया, फिलिपिन्स, व्हिएतनाम या देशांच्या नर्सेससाठी वेगळे करार आहेत, भारताचा तसा नाही. म्हणजे तू कायगोलाच येणार. इंजेक्शन नाही, सलाईन नाही. आंघोळ, कपडे, जेवण भरवणं, डायपर, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत. गिळताना ठसका लागू नये म्हणून चहातसुद्धा पावडर घालून तो दाट करून चमच्यानं देतात. ती पावडर किती घालायची हे प्रत्येक आजोबाचं वेगळं लिहिलेलं असतं, आणि ते जपानीतच. ठसका लागला तर काय होऊ शकतं हे तुला आधीच ठाऊक आहे, तिथं तुझं शिक्षण कामाला येईल. पण औषधाचा निर्णय तू घ्यायचा नाहीस, हे पहिले काही महिने टोचेल. बायको सांगते, तिच्याबरोबरच्या नर्स झालेल्या मुलींना कामापेक्षा हेच जड जातं.

बऱ्याच ठिकाणी नाइट म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास शिरायचं ते सकाळी नऊला बाहेर. मध्ये थोडी झोप असते, पण बेल वाजली की उठायचं.

मार्ग कोणता ते कागदावर बघून घे. तुला हवा तो 'तोकुतेई गिनो', म्हणजे ठरावीक कौशल्याच्या कामाचा व्हिसा, 2019 च्या एप्रिलपासून चालू झालेला. भारताशी त्याचा करार जानेवारी 2021 मध्ये झाला. त्यात पाच वर्षांपर्यंत राहता येतं, त्याच कामात मालक बदलता येतो, पण कुटुंब आणता येत नाही. दुसरा जुना मार्ग 'गिनो जिशू', म्हणजे शिकाऊ म्हणून. त्यात मालक बदलणं जवळपास अशक्यच होतं आणि त्यावरून इथं इतका आरडाओरडा झाला की 2024 मध्ये नवा कायदा करून ती पद्धत मोडीत काढायचं ठरलं, 2027 पासून तिच्या जागी नवीन व्यवस्था. एजंट कोणत्या मार्गाची गोष्ट करतोय हे तो सांगत नसेल तर त्याला तरी माहीत आहे का हाच प्रश्न.

आणि पाच वर्षांनी घरी, असंही नाही. तीन वर्षं काम आणि ठरावीक प्रशिक्षण झालं की इथल्या कायगो-फुकुशिशीच्या, म्हणजे प्रमाणित कायगो कर्मचाऱ्याच्या राष्ट्रीय परीक्षेला बसता येतं. ती पास झालीस की 'कायगो' नावाचाच वेगळा व्हिसा मिळतो, तो हवा तितक्या वेळा वाढवता येतो, नवऱ्या-मुलांनाही आणता येतं. बायकोच्या बरोबरची एक नेपाळी मुलगी गेल्या खेपेला पास झाली. तिची वही बघितली आहे मी, प्रत्येक पानावर औषधं आणि आजारांची नावं कांजीत, म्हणजे त्यांच्या चिनी अक्षरांत, शंभरदा लिहिलेली.

पैशाचं. करारावर महिन्याचे दोन लाख येनच्या आसपास दिसतील. येन साधारण साठ पैशांना धर आणि लगेच गुणाकार करत बसू नकोस. आरोग्य विमा, पेन्शन, कर कापून जातो, खोलीचं भाडं कापून जातं. दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर लागतो, तो आधीच्या वर्षाच्या कमाईवर, त्यामुळे पहिल्या वर्षी हातात जास्त दिसतं आणि माणूस फसतो. कायमचं परत गेलीस तर पेन्शनमधले काही पैसे एकरकमी मागता येतात, पण जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

आता तुझी एक डब्याची गाडी. ती सुंदरच आहे, मीही बसतो. पण ती रिकामी का असते ते व्हिडिओत सांगत नाहीत. गावात माणूसच उरलेला नाही. 2023 च्या सरकारी पाहणीत देशभरात नव्वद लाख घरं रिकामी निघाली, शंभरातली जवळजवळ चौदा. आमच्या गल्लीत पाच घरं बंद आहेत. कौलं सरकलेली, अंगणात गवत, टपालपेटीत जाहिराती कोंबलेल्या. आई-बाप गेले, पोरं ओसाकाला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या वाडीतली घरं आठवली, फक्त इथं शिमग्याला कुलूप काढायला कोणी येत नाही. कायगोला परदेशी माणूस लागतो तो यामुळेच. गावाकडची संस्था मिळाली तर तुझ्या फलाटाला समुद्र लागेल, पण दुकान सायकलनं अर्ध्या तासावर आणि मराठी ऐकायचं तर फोनवर.

सुरंगी:

सेतोकाठी दादा, दोनदा वाचलं. रहिवासी कराचं कुठल्याच व्हिडिओत ऐकलं नव्हतं.

खाडीपलीकडचा, तुम्ही सांगितल्यावर साइटवर नाव टाकलं. त्याचं नाव त्या यादीत नाही. फोन केला तर म्हणतो, परवाना भावाच्या नावावर आहे. भावाचं नाव विचारलं तर फोन ठेवला. आईला सांगितलं, ती काही बोलली नाही, पाटल्या परत कपाटात ठेवल्या.

मासे मिळतात का हो तिकडे आपल्यासारखे? हा प्रश्न बाबांचा आहे.

सेतोकाठी:

बाबांना सांग, बांगडा मिळतो, तारली मिळते, सुरमईची चुलत बहीण पण मिळते. बांगडा मीठ लावून नुसता भाजतात आणि भाताबरोबर खातात. चव चांगली. सोलं मात्र येताना आण.

परळची_सिस्टर:

मी तीस वर्षं मुंबईत नर्सिंगमध्ये आहे म्हणून बोलते. तुला नर्स म्हणूनच राहायचं असेल तर जर्मनीचा विचार कर. तिकडे बी-2 पर्यंत भाषा आणि शिक्षणाची मान्यता ही दोन दिव्यं पार केली की नर्सचीच नोकरी मिळते. सोपं नाही, वेळ खातं, पण कौन्सिलचा नंबर वाया जात नाही. जपानच्या प्रेमात आहेस हे कळलं. तरी तीन वर्षं घासून मिळवलेली टोपी खुंटीला लावायच्या आधी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघ.

आणि आजीचं. तुझ्या आजीचा प्रश्न थट्टेवारी नेऊ नकोस. तू कुडाळला नाइट करतेस तेव्हा तरी तिला कोण धरतं? आईच ना? मग तू वेंगुर्ल्यात असलीस काय नि ओकायामात, आईला मदतनीस लागणारच आहे. तुझ्या पगारातून पहिल्या महिन्यापासून एका बाईचे पैसे जातील असं घरात उघड बोल. आमच्याकडे मुली जाताना यावर कोणी बोलत नाही आणि मग भाऊ-वहिनींत भांडणं होतात.

चाकरमानी_लालबाग:

सिस्टरांशी सहमत. फक्त एक. आम्हीही 'दोन वर्षांत येतो' म्हणूनच गाव सोडलं होतं. आमच्या घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

सुरंगी:

जर्मनीचं वाचते, पण खरं सांगू का, जर्मन शिकायला बसायचं म्हटलं की हात जड होतो आणि जपानी शिकताना नाइटची झोप उडते. सिस्टर, तुम्ही म्हणाल हे काही कारण नाही. माझ्यासाठी आहे.

आजीशी बोलले. बाईचे पैसे देईन म्हटलं तर म्हणते, "बाई नको, तूच ये मदी मदी." मध्ये मध्ये यायला रजा आणि तिकीट किती पडेल ते विचारायचं राहिलंच.

तूर्त एवढं ठरवलंय की नोकरी सोडायची नाही आणि एजंटाच्या पाठी जायचं नाही. आधी भाषा. आता जपानीच्या परीक्षेचं सांगा: जेएलपीटीची एन-4 द्यावी की ती दुसरी, जेएफटी? आणि क्लास पुण्यालाच करावा लागेल का?

सेतोकाठी:

तोकुतेई गिनोसाठी दोन्ही चालतात. जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरात, मुंबईला आणि पुण्याला केंद्र आहे. एन-4 ला 180 पैकी 90 लागतात, शिवाय प्रत्येक भागात किमान गुण वेगळे. निकालाला दोनेक महिने जातात. जेएफटी-बेसिक संगणकावर असते, तासाभराची, 250 पैकी 200 लागतात आणि गुण लगेच कळतात. नापास झालीस तर जेएलपीटीसारखं सहा महिने थांबावं लागत नाही. पण माझं ऐकशील तर जेएलपीटीचीच तयारी कर, पुढे एन-3, एन-2 कडे जायला तीच शिडी. याखेरीज कायगोची कौशल्य परीक्षा आणि कायगोच्या जपानीची वेगळी परीक्षा, अशा दोन आहेतच. कौशल्याची तुला सोपी जाईल.

रजेचं करारात बघायचं. पहिले सहा महिने भरपगारी रजा नसते, त्यानंतर वर्षाला दहा दिवसांपासून सुरू. चतुर्थीला येणं जमवता येतं, आधी सांगितलं तर.

ओळखीचीबाय:

पुण्याला जायची गरज नाही. रानडे इन्स्टिट्यूट जुनी आणि चांगली, पण नाइट करून पुणं कसं जमणार? मी रत्नागिरीहून ऑनलाइन करते, आठवड्याला तीन दिवस, रात्री साडेआठला. आमच्या बॅचला एक जण लांज्याची आहे, ती पण सिस्टरच. व्याकरणाला घाबरू नको, क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामाच्या मागे, आपल्यासारखंच. दमवते ती कांजी. एन-4 पर्यंत तीनेकशे.

माझी एन-5 ची पुस्तकं पडून आहेत, पेन्सिलीनं लिहिलंय ते खोडून देते. कुडाळ एसटी स्टँडवर पार्सल सोडू का? व्यनि (खासगी निरोप) कर.

सुरंगी:

केला व्यनि. खोडू नको, तुझ्या खुणा असू दे. नाइट मंगळवारी संपते, बुधवारी सकाळी स्टँडवर येऊन घेते.